निढळाचा घाम, तळहाताचा घाम

ईदची नमाज आटोपली की ईदगाहवर गळाभेटी सुरू होतात. त्या मला फार आवडतात, कारण गळाभेटीत तळहाताचे काम नसते. पंचाईत होते ती मुसाफहाच्या वेळी. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. माझे तळहात लहानपणापासून ओले असतात. वैशाखातली दुपार असो की डिसेंबरातली पहाट, बोटांच्या टोकांवर थेंब उभे राहतात. समोरचा माणूस भला असतो, काही बोलत नाही. पण हात सोडल्यावर तो नकळत आपला तळवा झब्ब्याला पुसतो आणि ते मला दिसते. सोलापुरातल्या आमच्या गल्लीतली पोरे एवढी सभ्य नव्हती. "क्या रे, हाथां हैं के नल हैं?" असे ती तोंडावरच विचारीत.

शाळेत शाईचे पेन वापरायचो. डाव्या हाताखाली टीपकागद आणि उजव्या मनगटाखाली घडी घातलेला रुमाल, अशी माझी लिहिण्याची बैठक असे. तरी अक्षरे फुटायचीच. एकदा शिक्षकांनी माझी वही वर्गासमोर उंच धरली आणि "ही वही पाण्यातून काढली की काय?" असे विचारले. वर्ग हसला, मीही हसलो. बी. ए.च्या परीक्षेत इतिहासाच्या पेपराला पुरवणीचे पान ओले होऊन फाटले, तेव्हा मात्र हसू आले नाही. पुढे कविता लिहू लागलो. बॉलपेन आले आणि निदान अक्षरे वाचली. लोकांना वाटते, कवी भावनेने थरथरत लिहितो. माझी अर्धी शक्ती कागद कोरडा ठेवण्यात जाते.

या हातांमुळेच मी घामाचा इतिहास वाचू लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती आपल्या भाषेची. मराठीने घामाला मोठा मान दिला आहे. आपण घाम गाळतो, घामाचा पैसा मिळवतो. प्रामाणिक माणसाची कमाई 'निढळाच्या घामाची' असते. निढळ म्हणजे कपाळ. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अरबीत घामाला 'अरक' म्हणतात. भट्टीवर गुलाबाच्या पाकळ्या उकळल्या की वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने गळते. ते थेंब घामासारखे दिसतात म्हणून त्या पाण्यालाही तेच नाव मिळाले आणि मराठीत त्याचा 'अर्क' झाला. हकिमाच्या फळीवरचा गुलाबअर्क म्हणजे नावाने पाहिले तर गुलाबाचा घाम.

एवढा मान असूनही भाषेने कौतुक केले ते कपाळावरच्या घामाचे. तळहाताच्या घामाला कोणी म्हण दिली नाही. तो भित्र्याचा किंवा खोटे बोलणाऱ्याचा घाम समजला जातो.

जुन्या लोकांनी घामाचा विचार केला नाही असे मुळीच नाही. आयुर्वेदाने स्वेदाला मलांमध्ये धरले. म्हणजे तो शरीराबाहेर जायलाच हवा. म्हणून पंचकर्माच्या आधी वाफ देऊन मुद्दाम घाम काढतात. तापाच्या माणसाला दरदरून घाम फुटला की "आता उतार पडला" असे आपल्या आज्या सांगत, त्यामागे हीच समजूत होती. घाम येणे हे बरे होण्याचे लक्षण. तो अंगावर राहू नये, त्याचा वास येऊ नये, एवढीच काळजी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचे एक प्रकरणच घातले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या स्नानाचे आणि उटण्या-सुगंधांचे सविस्तर वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या सोलापूरपासून फार दूर नाही. तिथला उन्हाळा कसा असतो ते मला माहीत आहे, त्यामुळे राजाने स्नानावर एवढी शाई का खर्च केली हेही कळते.

अकबराच्या दरबारात हा खटाटोप आणखी वाढला. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलने सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची युक्ती नोंदवली आहे. उन्हाळ्यात त्वचा थंड राहावी म्हणून लावायच्या अरगजाची कृती दिली आहे. वाळ्याच्या मुळ्यांच्या खोल्या करून त्यांवर पाणी मारले की ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा आशयाचे तो लिहितो. अतिशयोक्ती सोडली तर त्यात खोटे काही नाही. कूलरमध्ये लाकडाचे तूस भरून आपण हेच करतो.

पण वाळ्यावर पाणी कोण मारत असे? हा प्रश्न त्या ग्रंथाला पडत नाही. इंग्रजांच्या काळात तो टाळता येईनासा झाला. छताला टांगलेला कापडी पंखा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साहेबांच्या घरांत दिसू लागला. मग तो कचेऱ्यांत, न्यायालयांत, बराकींत, चर्चमध्ये गेला. दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि व्हरांड्यात बसलेला पंखेवाला ती रात्रभर ओढत राही. आत साहेबाचा घाम सुके आणि बाहेर त्याचा वाहत राही. त्याला डुलकी लागली, पंखा थांबला, की साहेबाला जाग येई. मग शिव्या, नाहीतर लाथ. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याचे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा उभे राहिले. मृताची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती, ती जराशा धक्क्यानेही फुटली असती, हा त्यातला नेहमीचा बचाव असे. तो पुष्कळदा मान्य होई आणि किरकोळ दंडावर साहेब सुटे. घामाच्या इतिहासातली काही माणसे मी विसरू म्हटले तरी विसरू शकत नाही. त्यांत हा पंखेवाला आहे. त्याचे नावही बहुधा कुठे नोंदलेले नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शहरांत वीज आली आणि पंखेवाल्याची दोरी हळूहळू सुटली.

घाम नेमका करतो काय, हे कळायला युरोपातही बराच वेळ लागला. इटलीतल्या पादुआचे वैद्यकाचे प्राध्यापक सांतोरिओ यांनी आपली खुर्चीच तराजूला टांगली. तीत बसून ते जेवत आणि वर्षानुवर्षे स्वतःचे वजन नोंदत. खाल्ले-प्यायलेले किती आणि मलमूत्र किती याचा हिशेब त्यांनी मांडला तेव्हा मोठी तूट निघाली. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले, की दिवसाचे अन्नपाणी आठ पौंड असेल तर त्यातले सुमारे पाच पौंड नकळत बाष्परूपाने निघून जाते. आकडा आज कोणी मान्य करणार नाही. पण न दिसणारा घाम वजनकाट्यावर पकडण्याची ही कल्पना मला थोर वाटते.

दुसरा प्रयोग लंडनचा, १७७४ सालचा. डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवलेल्या खोल्यांत चार्ल्स ब्लॅगडेन आणि त्यांचे मित्र शिरले. तापमान वाढत वाढत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही वर गेले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक उकडली, मांसाचा तुकडा शिजून वाळला, आणि काही मिनिटे आत थांबलेली माणसे धडधाकट बाहेर आली. शरीराचे तापमान जवळपास होते तेवढेच! माणूस शिजला नाही यात घामाचा मोठा वाटा होता. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. त्या खोलीतली हवा कोरडी होती. हवा वाफेने भरलेली असली तर याहून कितीतरी कमी उष्णताही माणसाला सोसत नाही. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत राहणारा माणूस मुंबईच्या चौतीस अंशांत हैराण होतो तो यामुळेच. तिथे घाम येतो, पण वाळत नाही.

हे वाचताना मला अब्बा आठवले. ते सोलापुरातल्या एका गिरणीत साचाखात्यात होते. सोलापूरची हवा कोरडी, पण साचाखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणजे सुताची सोय पाहिली जाई. त्या हवेत माणसाचा घाम सुकत नसे. पाळी संपवून अब्बा घरी येत तेव्हा त्यांची बनियन पिळली तर पाणी निघे. अम्मी ती बादलीत टाकताना कधी नाक मुरडत नसे. "ये मेहनत का पसीना है," असे ती आम्हाला सांगे. आणि मी, शाळेतून येऊन पंख्याखाली बसलेला, माझे ओले तळहात चड्डीला पुसत असे. अब्बांचा घाम कष्टाचा आणि माझा कशाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

त्याचे उत्तर मला मिळाले ते यास कुनो या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या कामात. माणसाच्या घामावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ साली आला. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. अंगभर येणारा घाम उष्णतेला उत्तर देतो. तळहात-तळपायांचा घाम प्रामुख्याने मनावरच्या ताणाला उत्तर देतो, उष्णतेचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्यांची गर्दी सर्वांत जास्त. १९२८ साली मिनोर या संशोधकाने घाम दाखवणारी एक साधी चाचणी सांगितली. त्वचेला आयोडीन लावायचे, वर स्टार्चची पूड भुरभुरायची. जिथे घाम, तिथे निळाकाळा डाग. मी वाचले आणि मनात म्हटले, माझ्या शाळेच्या वह्या म्हणजे हीच चाचणी होती.

काही माणसांत या ग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा इशारा गरजेपेक्षा फार जास्त असतो. ग्रंथी मात्र धडधाकट असतात. हा त्रास बहुतेक वेळा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा घराण्यात चालतो. वैद्यकात त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. माणूस भित्रा असतो म्हणून हात भिजतात, हा समज उलटा आहे. हात भिजतील या भीतीने माणूस भित्रा होतो आणि मग ते आणखी भिजतात. अचानक सुरू झालेला किंवा रात्री अंथरूण भिजवणारा घाम वेगळा. त्यामागे थायरॉइड, क्षय असे काही असू शकते आणि त्यासाठी डॉक्टर गाठलाच पाहिजे.

मधल्या काळात घामाचा बाजार झाला होता. त्याची गंमत अशी, की तो सुरू झाला तळहातापासूनच. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एक शल्यवैद्य होते. शस्त्रक्रिया करताना हात घामेजू नयेत म्हणून त्यांनी एक द्रव तयार केला. त्यांची शाळकरी मुलगी एडना मर्फी हिने तो काखेत लावून पाहिला आणि १९१० च्या सुमारास आजोबांकडून दीडशे डॉलर उसने घेऊन 'ओडोरोनो' या नावाने विकायला काढला. १९१२ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात त्याला गिऱ्हाईक लाभले. औषध लालसर होते, आम्लधर्मी होते, त्वचेची आग करी आणि कपडे खराब करी. त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड होते. ते घामाच्या नळ्यांची तोंडे बुजवते. तळहाताच्या घामावर डॉक्टर आजही बहुधा पहिल्यांदा हेच सुचवतात, फक्त सौम्य केलेले.

जेम्स यंग हा जाहिरातवाला त्यांच्याकडे आला. अतिरिक्त घाम हा एक आजार आहे आणि त्यावर डॉक्टरने शोधलेला इलाज आहे, असे त्याने प्रथम लोकांना सांगितले. यात खोटे काही नव्हते. पण आजारी माणसे किती असणार? विक्री थबकली. तेव्हा १९१९ साली त्याने स्त्रियांच्या एका मासिकात नवी जाहिरात दिली. तिचा मथितार्थ असा, की बाई, तुझ्या अंगाला वास येत असेल, तुला कळत नसेल, आणि तुझ्या पाठीमागे लोक बोलत असतील. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. वर्षभरात विक्री मात्र ११२ टक्क्यांनी वाढून ४ लाख १७ हजार डॉलरवर गेली.

मला त्या जाहिरातीचा राग येतो. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, तो त्वचेवरच्या जंतूंमुळे येतो. आंघोळ आणि धुतलेला कपडा यांनी बहुतेकांचे भागते. ज्यांना खरा त्रास होता त्यांच्यासाठी निघालेले औषध, ज्यांना तो नव्हता त्यांना लाज विकून खपवले गेले. पुढे १९५२ साली बॉलपेनवरून सुचलेली गोळीची बाटली आली, मग फवारे आले. आपल्याकडेही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फवाऱ्यांच्या जाहिरातींना असा ऊत आला, की २०११ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला त्यांच्या अश्लीलतेची दखल घ्यावी लागली. त्या जाहिरातींतल्या एकाही तरुणाचे तळहात ओले नव्हते!

तळहातांसाठी मात्र वैद्यकात शांतपणे काम चालू होते. १९२० मध्ये घामाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया झाली. नंतर ती दुर्बिणीतून होऊ लागली. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना पाठीवर, पोटावर, मांड्यांवर जास्त घाम सुरू होतो आणि तो मागे फिरवता येत नाही. १९३६ पासून विजेच्या सौम्य प्रवाहाचे प्रयोग झाले. १९६८ मध्ये लेविट यांनी साधे उपकरण सुचवले. दोन तबकांत नळाचे पाणी, त्यात हात, आणि मंद प्रवाह. ही पद्धत अजून चालते.

बोट्युलिनमचे इंजेक्शन हा तिसरा मार्ग, आणि त्याच्या मुळाशी एक कवी आहे. युस्टिनुस केर्नर हे जर्मनीतले डॉक्टर आणि नावाजलेले कवी. खराब सॉसेज खाऊन माणसे मरत होती. त्या विषाचा त्यांनी अभ्यास केला, स्वतःवरही प्रयोग केले आणि १८२० व १८२२ मध्ये ते प्रसिद्ध केले. विषबाधेत रोग्याची लाळ, अश्रू, घाम आटतात हे त्यांनी टिपले आणि हेच विष अगदी थोडे दिले तर असे स्राव कमी करायला उपयोगी पडेल, अशी अटकळ बांधली. २००४ साली अमेरिकेत काखेतल्या अतिघामासाठी त्या औषधाला मान्यता मिळाली. पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. कवीच्या कल्पनेवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

माझी भाची स्पर्धा परीक्षांची तयारी करते. त्या परीक्षांत उत्तराचे गोल रंगवायचे असतात आणि कागद ओला झाला की शाई शेजारच्या गोलात उतरते. एका परीक्षेत तसे झाले. ती घरी येऊन रडली आणि शस्त्रक्रिया करून घेते म्हणाली. मी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. वयाच्या पन्नाशीनंतर माझ्या हातांचे नाव मी प्रथमच डॉक्टरच्या तोंडून ऐकले, तेही तिच्या निमित्ताने. त्यांनी शस्त्रक्रियेची घाई नको म्हणून सांगितले. रात्री लावायचे औषध दिले, मग पाण्याच्या तबकांचे उपचार सुरू केले. हात पूर्ण कोरडे झालेले नाहीत. पण पेन निसटत नाही. परीक्षेला ती मनगटाखाली रुमाल घेऊन बसते, पर्यवेक्षकांना आधी सांगून. ते आधी सांगणे मला कधी जमले नव्हते.

डॉक्टरांनी विचारले होते, घरात आणखी कोणाला आहे? मी माझे हात दाखवले. "आणि तुमच्या वडिलांना?" मी म्हटले, नाही, त्यांचा घाम गिरणीचा होता. घरी आल्यावर अम्मीला ही गोष्ट सांगितली. अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, तुझे अब्बा सुताला हात लावण्याआधी तळव्यांना खडूची पूड चोळत. थंडीतही. रविवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांचे हात ओले असत. गिरणीत कोणाला कळत नसे, कारण तिथे सगळेच ओले.

तिने ट्रंक उघडायला लावली. निकाहनाम्याची घडी तिने जपून ठेवलेली होती. अब्बांची सही उर्दूत आहे. तिच्या शेवटच्या अक्षराभोवती शाई फुटून बोटभर निळा डाग पसरला आहे.